वन कोणाचे? : इयत्ता चौथी ते सातवीसाठी एक पाठ

लातूर जिल्ह्यात वनाखालील भूमी शेकडा एकाहूनही कमी आहे. वनांचे महत्त्व मुखोद्गत म्हणणाऱ्या येथील पुष्कळ मुलांनी दाट अरण्य पाहिलेलेच नसते. म्हणून या पाठाचा आरंभ झाडांच्या नावांनी न करता ‘गावचे गायरान कोणाचे?’ या प्रश्नाने करावा. बहुतेक मुले ‘सरकारचे’ असे सांगतील. ते उत्तर खोडू नये. फळ्यावर लिहून ठेवावे.

नंतर नकाशात गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुका दाखवून मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाची हकिकत सांगावी. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसंमतीने निर्णय घेते. एकाचाही विरोध असल्यास विषय पुन्हा चर्चेस येतो. यात वेळ फार जातो खरा. परंतु झालेला नियम प्रत्येकाचा स्वतःचा असतो. ग्रामसभेच्या जोडीस अभ्यासगट आहेत. मधमाश्यांचा नाश न करता मध काढण्याची रीत अशा अभ्यासातूनच तेथे रूढ झाली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तथापि बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती पडण्यास एप्रिल २०११ उजाडला. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतील हे अंतर वरच्या इयत्तांस अवश्य समजावून द्यावे.

दुसरी हकिकत सोलापूर जिल्ह्यातील नान्नजची. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात लोकांची शेते व गावेही आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली, आणि पक्ष्याविषयी आपलेपणाऐवजी नाराजी वाढली. २०१२ साली हे क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणले गेले. माळढोक आता तेथे क्वचितच दिसतो. माळराने नांगरली गेली, विजेच्या तारा आल्या, अशी इतर कारणेही आहेत. सारा दोष एकाच गोष्टीस देऊ नये.

आता मुलांस गायरानावर न्यावे. तेथे दिसणारी झुडपे, गवते, पक्षी व प्राण्यांचे माग यांची नोंद त्यांनी करावी. वर्गात परतल्यावर गायरान राखण्यासाठी एकच नियम सर्वसंमतीने करण्यास सांगावे. चराईबंदीची सूचना हमखास येईल आणि ज्याच्या घरी शेळ्या आहेत तो मुलगा विरोध करील. त्याला गप्प बसवू नये. त्याच्या शेळ्या कोठे चरतील, हे वर्गाने आधी ठरवावे. नियम त्यानंतर लिहावा.