निरगुडीचा पाला व हळदीचा लेप

खेळतांना पाय मुरगळला कीं पाचोडच्या आसपासच्या खेड्यांतून घरची आजी प्रथम काय करते? निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून सुजेवर बांधते, अथवा हळदीचा कोमट लेप देते. यांत तथ्य किती, हें आपण पाहूं.

मार लागला असतां तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें निर्माण करतात. त्यांच्या योगानें बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी झिरपतें, भाग लाल व उष्ण होतो आणि वेदनेच्या नसा हळव्या होतात. म्हणजे सूज ही मूळची शत्रु नव्हे, दुरुस्तीचा आरंभ होय. ती अति झाली म्हणजे जाचते. ॲस्पिरिन हीं द्रव्यें बनूं देत नाहीं, असें जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९७१ सालीं दाखविलें. त्या ॲस्पिरिनचें मूळही झाडांतच आहे. विलो वृक्षाच्या सालीचा ज्वरावरील गुण एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकानें १७६३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविला होता.

निरगुडीचा गुण उंदरांवरील प्रयोगांत दिसला आहे. माणसांवरील परीक्षा थोड्याच. शिवाय ताज्या मारावर ऊब देऊं नये, पहिले दोन दिवस थंड पाण्याची पट्टी बरी. एवढ्यापुरती आजीची चूक! हळदींतील पिवळें द्रव्य कुर्क्युमिन प्रयोगशाळेंत सूज आणणाऱ्या क्रियांस आळा घालतें, परंतु पोटांत घेतलेलें फारच थोडें रक्तांत उतरतें.

तरी या हळदीपायीं मोठा वाद झाला. जखमेवर ती वापरण्याचें पेटंट १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळालें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली; तिचे प्रमुख तेव्हां गोव्याच्या माशेल गांवचे डॉ. रघुनाथ माशेलकर होते. जुने ग्रंथ व छापील लेख पुराव्यास दाखल झाले आणि १९९७ सालीं पेटंट रद्द झालें. घरोघरच्या आज्यांची तोंडी साक्ष तेथें चालली नसती. लिहिलेलें तेवढें चाललें. म्हणून सुटींत घरीं जाल तेव्हां आजीला विचारून वहींत टिपून ठेवा.

पालकांस एक विनंती. बिब्ब्याचें तेल दुखऱ्या सांध्यास लावूं नये. त्यानें कातडी भाजून फोड येतात. माझ्या वर्गांत एक मुलगा असा गुडघा घेऊन आला होता. मूळचें दुखणें राहिलें बाजूला, फोडच आठ दिवस चिघळत होते. आणि घोट्यावर भार मुळींच टाकतां येत नसेल, तर कोणताही लेप न लावतां तडक दवाखाना गांठावा.