जुन्या संगणकाकडून नव्याकडे : घरातील ठेव कशी हलवावी

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी नवा संगणक आला. जुन्यातील सर्व काही नव्यात घालून द्या, असे दुकानदारास सांगून मी निश्चिंत झालो. त्याने ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर नव्या संगणकावर उतरवले, जुना संगणक पुसून कोरा केला आणि विकत घेतला. चार दिवसांनी दोन गोष्टी ध्यानात आल्या. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर टंकलिखित करून घेतलेल्या आठवणींची फाइल आली होती. परंतु ती उघडताच पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसू लागला. दुसरी गोष्ट अधिक दुःखद होती. आईच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण डी ड्राइव्हमध्ये होते. तिकडे कोणी पाहिलेच नव्हते. वडिलांच्या आठवणी पुढे प्रयत्नांती वाचता आल्या. आईचा आवाज मात्र कायमचा गेला.

दोष केवळ दुकानदाराचा नव्हता. काय न्यायचे, हे मी त्याला सांगितलेच नव्हते, कारण ते मलाही ठाऊक नव्हते. त्या चुकीतून जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडत आहे.

हा विषय आजच का?

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. शिवाय प्रोसेसरही मान्य यादीतील असावा लागतो. त्यामुळे अनेक चालू स्थितीतील संगणक या प्रणालीस अपात्र ठरतात आणि घरोघरी नव्या खरेदीचा विचार सुरू होतो. अशा वेळी एक भेद ध्यानी घ्यावा : यंत्र विकत मिळते, त्यातील ठेव विकत मिळत नाही. म्हणून पहिले काम नवा संगणक निवडण्याचे नसून जुन्यात काय आहे ते पाहण्याचे आहे.

पहिली पायरी : यादी

वसतिगृहात राहिलेल्यांना पत्र्याची पेटी आठवत असेल. झाकणाच्या आत वस्तूंची यादी चिकटवलेली असे आणि सुटीला घरी निघताना ती पाहूनच सामान भरले जाई. संगणकाचीही अशी यादी कागदावर करावी.

‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘डाउनलोड्स’ आणि डेस्कटॉप या चार जागा प्रथम पाहाव्यात. नंतर डी, ई असे अन्य ड्राइव्ह पाहावेत. घरात एकाहून अधिक व्यक्तींची खाती असतील, तर प्रत्येकाच्या खात्यात स्वतंत्र फोल्डर असतात हे विसरू नये. डेस्कटॉपवरील ज्या चित्रावर लहान बाण असतो, ती खरी फाइल नसून फाइलकडे नेणारी खूण असते. खूण उचलून नेल्याने फाइल येत नाही.

जातीचे व जातवैधता प्रमाणपत्र, गुणपत्रके, सातबारा, विम्याची कागदपत्रे यांच्या प्रती कोठे आहेत, हे यादीत वेगळे लिहावे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क, संगणकातच उतरवलेले जुने ई-मेल, हिशेबाच्या प्रोग्रॅममधील नोंदी याही याद्यांतून सुटतात. प्रोग्रॅम मात्र फाइलींप्रमाणे उचलून नेता येत नाहीत; ते नव्या संगणकावर पुन्हा बसवावे लागतात. काही प्रोग्रॅमचा परवाना आधी जुन्या संगणकावरून सोडवून घ्यावा लागतो. तो तपशील जुना संगणक चालू असतानाच विचारून घ्यावा.

दुसरी पायरी : प्रत

बाह्य हार्ड डिस्क घेऊन यादीतील सर्व काही तिच्यावर उतरवावे. पेन ड्राइव्ह वापरताना एक अडचण येते. तो फॅट३२ पद्धतीने मांडलेला असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक सलग फाइल त्यावर बसत नाही. लग्नसमारंभाचे चित्रीकरण नेमके येथे अडते. तोच ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने मांडल्यास ही अडचण दूर होते. मात्र असे करताना त्यावरील आधीचे सर्व पुसले जाते.

वेळेचाही अंदाज असावा. सेकंदाला ३० एमबी या गतीने १०० जीबी उतरवण्यास सुमारे ५५ मिनिटे लागतात. हजारो लहान छायाचित्रे असल्यास याहून अधिक वेळ जातो. हे काम घाईच्या दिवशी काढू नये.

ऑनलाइन साठवणीची सोयही उपयुक्त आहे. गुगलच्या खात्यात १५ जीबी, तर मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ५ जीबी जागा विनामूल्य मिळते. ही जागा भरली की पुढील फाइली वर चढत नाहीत. म्हणून सर्व काही ‘वर’ आहे, असे गृहीत धरू नये.

तिसरी पायरी : नव्या संगणकाची मांडणी

नवा संगणक सुरू झाल्यावर प्रथम प्रणालीचे सर्व अपडेट पूर्ण करावेत. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास अनेक संगणकांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जतन होते. ती कागदावर उतरवून घरातील कागदपत्रांसोबत ठेवावी. एखाद्या दुरुस्तीनंतर संगणक हीच संख्या मागू शकतो, आणि ती नसल्यास आपल्याच फाइली आपणांस परक्या होतात.

मराठी लेखनासाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. सेटिंग्जमधील ‘टाइम अँड लँग्वेज’ विभागात मराठी भाषा जोडावी. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन कळफलक मिळतात. विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते.

चौथी पायरी : जुना मराठी मजकूर

वडिलांच्या आठवणींचे जे झाले, त्याचे कारण येथे आहे. पूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टमध्ये संगणक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवत असे. फॉन्ट त्यांवर केवळ देवनागरीचे रूप चढवत असे. फॉन्ट गेला की रूप गेले. युनिकोड या प्रमाणात, ज्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा संकेत आहे. म्हणून युनिकोडमधील मजकूर कोणत्याही आधुनिक संगणकावर वा मोबाइलवर मराठीच राहतो.

यासाठी तीन गोष्टी जुना संगणक चालू असतानाच कराव्यात. एक, जुन्या फॉन्टची फाइल विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून उचलून ठेवावी. दोन, प्रत्येक महत्त्वाच्या लेखाची पीडीएफ करावी, म्हणजे मूळ पान कसे दिसत होते याची साक्ष राहते. तीन, त्या फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि पीडीएफ समोर ठेवून ओळीने वाचावा. रफार, ह्रस्व इकार आणि जोडाक्षरे येथे बहुधा चुका होतात. वडिलांच्या आठवणी मी अशाच दुरुस्त केल्या. एका परिचिताकडे तो फॉन्ट शिल्लक होता, म्हणूनच ते शक्य झाले.

पाचवी पायरी : पडताळणी

जुन्या व नव्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइलींची संख्या आणि आकार दिसतो, तो जुळवून पाहावा. नंतर बाह्य डिस्क काढून ठेवावी आणि प्रत्येक फोल्डरमधील पहिली, मधली व शेवटची फाइल नव्या संगणकावर उघडावी. छायाचित्र पाहावे, ध्वनिमुद्रण ऐकावे, लेख वाचावा. फाइलचे नाव दिसणे म्हणजे फाइल असणे नव्हे. घरातील प्रत्येकाने आपापल्या यादीवर खूण करावी.

जुन्या संगणकाचा निरोप

पडताळणीनंतरही किमान महिनाभर जुना संगणक पुसू नये. विसरलेली गोष्ट याच काळात आठवते. त्यानंतर तो कोणास देण्यापूर्वी ‘रीसेट’च्या सोयीने सर्व काही काढून टाकावे आणि त्यातील डेटा साफ करण्याचा पर्यायही निवडावा. नुसत्या डिलीट केलेल्या फाइली अनेकदा परत काढता येतात. यंत्र धडधाकट असल्यास लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली बसवून ते एखाद्या गरजू विद्यार्थ्यास द्यावे. निकामी झाले असल्यास भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावे.

शेवटी

महत्त्वाच्या ठेवीच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकावर, एक बाह्य डिस्कवर आणि एक घराबाहेर, ऑनलाइन किंवा नातलगाकडे. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संगणकांतही स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, निरोपसमारंभाची भाषणे, आज हयात नसलेल्या गुरुजनांचे आवाज असतील. संगणक बदलण्याच्या निमित्ताने ते शोधावेत, त्यांवर नाव व वर्ष घालावे आणि एक प्रत वर्गमित्रांस द्यावी. आईच्या ओव्यांची एखादी प्रत मी बहिणीस दिली असती, तर तिचा आवाज आज आमच्या घरात असता. वाचकांनी हे काम येत्या सुटीवर न ढकलता आजच यादी लिहून सुरू करावे, एवढीच विनंती.