छप्पर-ठेकेदाराचा व्यवसाय आणि विम्याचे संरक्षण

मृग नक्षत्र तोंडावर आले की गोमंतकात छपरांच्या कामाची एकच घाई उडते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात किडलेले वासे व रिपा बदलणे, मंगलोरी कौले उतरवून पुन्हा शाकारणे, गच्चीवर पत्र्याचे छप्पर उभारणे ही सारी कामे उन्हाळ्याच्या अखेरच्या आठवड्यांत उरकावी लागतात. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने अनेक घरांची छपरे उडविली, तेव्हा तर दुरुस्तीसाठी जेमतेम तीन आठवडे हाती होते.

ही कामे करतात ते बहुधा लहान ठेकेदार. चार-सहा माणसांची टोळी, शिड्या, दोरखंड आणि भाड्याचा टेम्पो एवढेच त्यांचे भांडवल. धंदा लहान असला तरी त्यातील जोखीम मात्र लहान नाही. शेवाळलेल्या कौलावरून पाय घसरतो, सिमेंटचा जुना पत्रा पायाखाली फुटतो, लांब पत्रा वर चढविताना विजेच्या तारेला लागतो. अशा एका अपघाताने कामगाराचे कुटुंब उघड्यावर पडते आणि ठेकेदाराची आयुष्यभराची कमाईही धोक्यात येते. विमा या दोघांनाही आधार देऊ शकतो. मात्र विमापत्रात लिहिलेले आणि छपरावर प्रत्यक्ष असलेले यांत तफावत नसावी.

दायित्व केव्हा व कोणावर येते?

कामावर असताना व कामामुळे अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर टाकणारा कायदा देशात प्रथम १९२३ साली झाला. जमिनीपासून छपराच्या माथ्यापर्यंत बारा फूट वा अधिक उंची असलेल्या इमारतीचे बांधकाम व दुरुस्ती यांचा त्या कायद्याच्या परिशिष्टातच उल्लेख होता. २००० सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक कामगारांना वगळणारी तरतूद काढून टाकण्यात आली. ‘तो माणूस दोनच दिवसांसाठी घेतला होता’ ही सबब तेव्हापासून निरुपयोगी ठरली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून मूळ तत्त्व कायम आहे.

मृत्यूच्या प्रसंगी भरपाई काढण्यासाठी मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तीस वर्षे वयाच्या कामगारासाठी हा गुणक २०७.९८ आहे. वेतन दरमहा १५,००० रुपये धरल्यास भरपाईची रक्कम १५,५९,८५० रुपये होते. चार-सहा माणसांच्या टोळीवर चालणाऱ्या धंद्यातून एवढी रक्कम एकाएकी उभी करणे किती ठेकेदारांना शक्य आहे?

कामगाराने सुरक्षा पट्टा बांधला नव्हता, असा बचाव अनेकदा पुढे केला जातो. सुरक्षेच्या आज्ञेचे जाणूनबुजून केलेले उल्लंघन किंवा मद्यपान हे कारण किरकोळ इजेच्या प्रकरणी मालकास उपयोगी पडू शकते. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ते चालत नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ सालचा एक निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. चित्रपटगृहात सजावटीचे काम करणारा एक सुतार १९६९ साली पडून जखमी झाला व त्याचा डावा हात कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होणे नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण मानण्यात आले. भरपाईचे दायित्व निवाड्याच्या दिवशी नव्हे, तर अपघात घडतो त्याच दिवशी निर्माण होते, असे न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट केले. देय रक्कम महिन्याच्या आत न दिल्यास तीवर व्याज चढते आणि सबळ कारणाशिवाय विलंब झाल्यास दंडही होऊ शकतो. हा दंड सामान्यतः विम्यातून मिळत नाही. तो ठेकेदारालाच सोसावा लागतो.

कोणता विमा कशासाठी?

पहिला आणि अत्यावश्यक विमा म्हणजे कर्मचारी नुकसानभरपाई विमा. त्याचा हप्ता कामाचे स्वरूप व वर्षभरात द्यावयाचे एकूण वेतन यांवर ठरतो. हप्ता वाचविण्यासाठी आठ माणसांऐवजी चार दाखविणे किंवा छपराच्या कामाऐवजी ‘किरकोळ दुरुस्ती’ असे लिहिणे हा घातक व्यवहार होय. वाचलेले काही हजार रुपये दाव्याच्या वेळी लाखांची हानी करतात. पोटठेकेदाराची माणसे कामावर असतील तर त्यांचीही नोंद विमापत्रात आवश्यक आहे. ज्या कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, त्यांना अपघाताचे लाभ त्या योजनेतून मिळतात.

दुसरा विमा त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा. वरून निसटलेले कौल वाटसरूच्या डोक्यावर पडले किंवा पत्रा शेजाऱ्याच्या मोटारीवर आदळला, तर कामगारांच्या विम्यातून त्याची भरपाई मिळत नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्व विमा लागतो. मोठ्या कामासाठी ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ विमापत्र घेतल्यास चालू काम व साहित्य यांची हानी आणि त्रयस्थांचे दायित्व या दोहोंची एकत्र सोय करता येते.

तिसरा विमा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही, तो म्हणजे ठेकेदाराच्या स्वतःच्या जिवाचा. लहान ठेकेदार स्वतःही आढ्यावर चढतो. परंतु तो स्वतःचा नोकर नसल्याने कामगारांसाठी घेतलेल्या विमापत्राचा लाभ त्याला होत नाही. त्याने वैयक्तिक अपघात विमा वेगळा घेतला पाहिजे. वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारांना खुली आहे. ठेकेदाराने व कामगारांनीही ती अवश्य घ्यावी. मात्र कायदेशीर दायित्वाची जागा ती घेऊ शकत नाही.

विम्याच्या मर्यादा

निकृष्ट काम पुन्हा करून देण्याचा खर्च विमा कंपनी सहसा देत नाही. पहिल्याच पावसात पाखे गळू लागले तर ती दुरुस्ती ठेकेदाराच्या माथी येते. छप्पर उघडे असताना वळवाचा पाऊस आत शिरून घरातील सामान भिजले, तर ते नुकसान विमापत्रात अंतर्भूत आहे की वगळलेले, हे काम सुरू करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. या व्यवसायात तंटे बहुधा याच मुद्द्यावर उद्भवतात. विमा असला तरी उघड्या पाख्यावर ताडपत्री अंथरण्याचे कर्तव्य सुटत नाही.

अपघातानंतर काय करावे?

१. जखमीस तत्काळ रुग्णालयात हलवावे. उपचारांच्या पावत्या व प्रमाणपत्रे जपून ठेवावीत.

२. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास सात दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्यास अहवाल द्यावा.

३. हजेरीपट व वेतनाची नोंदवही अद्ययावत असावी. दाव्याचा सारा डोलारा या दोन वह्यांवर उभा असतो.

४. मृत्यूच्या प्रसंगी भरपाई परस्पर वारसांच्या हाती देऊन प्रकरण मिटवू नये. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते; परस्पर केलेला व्यवहार कायद्याने भरपाई म्हणून ग्राह्य धरला जात नाही.

५. दावा अयोग्य रीतीने नाकारला गेला असे वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे समाधान न झाल्यास एकट्या मालकीचा व्यवसाय वा सूक्ष्म उद्योग करणाऱ्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

घरमालकांनीही या बाबतीत जागरूक राहणे इष्ट आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना त्या दरात कामगारांच्या विम्याचा खर्च धरला आहे काय, हे विचारावे आणि विमापत्राची प्रत मागावी. त्यावरील मुदत, कामाचे स्वरूप व माणसांची संख्या वाचून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. ती संख्या छपरावर चढलेल्या माणसांशी जुळत नसेल, तर शिडी लावण्यापूर्वीच ठेकेदाराकडून विमापत्र दुरुस्त करून घ्यावे.