चूक कोणाची?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, तोही मराठी माध्यमातून आलेला. संगणकाशी माझा संबंध टॅलीपुरता. तरीही गेल्या सुट्टीत 'मानव-संगणक आंतरक्रिया' या विषयाची व्याख्याने मी ऐकली, त्याला निमित्त झाले बाबांचे हरवलेले कार्ड.

एटीएममधून बाबांनी नोटा घेतल्या, मोजल्या आणि कार्ड यंत्रातच ठेवून ते घरी आले. "माझंच चुकलं. आमच्या वयाला हे जमायचं नाही," असे म्हणाले. मीही दोन शब्द सुनावले. ते आता बोचतात.

तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या स्कॉट क्लेमर यांनी २०१२ साली कोर्सेराद्वारे हा विषय सर्वांसाठी विनामूल्य शिकविला. त्यांची व्याख्याने मी दोनदोनदा ऐकली. इंग्रजी कानावरून निसटे. (अशा व्याख्यात्याचा एक गुण असा की, कितीही वेळा थांबवा, तो रागावत नाही!) त्यातून वाचनाची गोडी लागली. डोनाल्ड नॉर्मन यांचे १९८८ सालचे पुस्तक रोजच्या वस्तूंच्या रचनेवर आहे. माणूस वारंवार चुकत असेल तर आधी वस्तूची रचना तपासा, हा त्यांचा आग्रह.

बाबांची चूक तर शास्त्राला चांगलीच परिचित निघाली! मायकेल बर्न व सुझन बोव्हेर यांनी १९९७ साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला. मुख्य हेतू साधला की मनावरचा भार उतरतो, आणि मागे उरलेली बारीकशी पायरी विसरली जाते. बाबा पैशासाठी गेले होते, कार्डासाठी नव्हे. उपाय साधा आहे: यंत्राने आधी कार्ड परत करावे, मग नोटा द्याव्यात. क्रम बदलला की विसरायला जागाच उरत नाही. अनेक यंत्रांत तसे केलेही आहे. बाबांच्या वाट्याला दुसरे आले.

क्लेमर कागदी नमुन्यावर फार भर देतात. यंत्र बांधण्यापूर्वी त्याचे पडदे कागदावर काढायचे, कोणाला तरी बोटाने 'दाबायला' सांगायचे आणि आपण गप्प बसायचे. गप्प बसणे सर्वांत अवघड! मी वहीच्या पानांवर पडदे काढले, एक संच मराठीत, एक कन्नडमध्ये. बाबांना बसविले, शेजारच्या कन्नड अज्जांनाही बसविले. दोघेही एकाच पानावर अडले. तिथे मी 'खाते प्रकार निवडा' असे लिहिले होते.

"बचत खातं का चालू, एवढंच विचार की!" बाबा म्हणाले. ते पान मी फाडून पुन्हा लिहिले.