रिकामा डबा

आमच्या वडगाव रासाईत भीमेकाठी नजर जाईल तिकडे ऊस. घरची अडीच एकर, डोक्यावर सोसायटीचं कर्ज आणि बहिणीच्या लग्नाला घेतलेले हातउसने. मी रांजणगाव एमआयडीसीत एका कंपनीत लाइनवर. न्हावरेमार्गे मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता.

नोकरी वाईट नव्हती. नवा सुपरवायझर आला आणि दिवस फिरले. टार्गेट वाढलं, माणसं मात्र तेवढीच राहिली. चूक कुणाचीही असो, दहा जणांसमोर आईबापावरून बोलणं ठरलेलं. राजीनाम्याचा कागद मी दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. उसाचं बिल यायचं होतं, हप्ता महिन्याच्या पाच तारखेला होता.

घरी काहीच सांगितलं नाही, इथंच मी चुकलो. घास गिळवत नसे. आईला कळू नये म्हणून न्हावऱ्याच्या अलीकडं गाडी थांबवून डबा कुत्र्यांना घालायचो. रिकामा डबा बघून आई दुसऱ्या दिवशी एक भाकरी जास्त बांधायची. त्या भाकरीची आठवण आली की अजून पोटात कालवतं.

थर्ड शिफ्ट करून आलं की दिवसा झोप नाही, कारण मोटारीची लाईट येईल तेव्हा दारं धरायला जावं लागे. जानेवारीत, तोडीच्या दिवसांत, सकाळी घरी येताना गाडीवरच डोळा लागला. उघडला तर समोर रस्त्याकडेला उभी उसाची ट्रॉली. हँडल वळवलं आणि चारीत पडलो. खांदा निखळला, जीव वाचला. त्या दिवशी वडिलांसमोर लहान पोरासारखा रडलो आणि सगळं सांगून टाकलं. वडील एवढंच म्हणाले, "आरं, आधी बोलायचं व्हतंस."

त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. एकूण देणं किती, महिन्याला किती फिटतं, कधी संपतं? हिशोब दोन वर्षांवर आला. तोवर मला ही नोकरी जन्मठेपेसारखी वाटायची. शेवटची तारीख डोळ्यांसमोर आली आणि छातीवरचं ओझं निम्मं झालं. दारं धरायचं काम धाकट्या भावानं घेतलं. थर्ड शिफ्टहून येताना झोप आली तर न्हावऱ्यात चहाच्या टपरीवर बाकावर अर्धा तास पडायचं, हे घरात ठरूनच गेलं. उशीर झाला म्हणून आता कुणी फोन करत नाही.

माझ्यासारखं अडकलेल्या पोरांनी रागाच्या भरात कागद फेकू नये. अपघात झाला तेव्हा माझी नोकरी चार वर्षं चार महिन्यांची होती. कायम कामगाराची सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी लागू होते. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून दर वर्षाला पंधरा दिवसांची ती रक्कम मी त्या कागदाबरोबर घालवली असती. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर आजारपण अंगावर काढू नका. नियमात बसत असाल तर डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. खांद्याच्या वेळी आमचं घर त्यावरच चाललं. जादा तासांचे पैसे दुप्पट दरानं मिळायला हवेत, म्हणून तास रोजच्या रोज वहीत लिहा. शिवीगाळ झाली तर तीही लिहा, तारीख, वेळ आणि समोर कोण होतं त्यासकट. मी तीन महिन्यांची नोंद घेऊन दोन सहकाऱ्यांबरोबर एचआरकडे गेलो. सुपरवायझर बदलला नाही, पण माझी लाइन बदलली. एकटा गेलो असतो तर तेवढंही झालं नसतं.

आणि झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर 14416 वर फोन करा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. मला त्यांनी काय करावं हे आधी सांगितलं नाही, नुसतं ऐकून घेतलं. मला तेव्हा तेच हवं होतं. बाप्यानं असलं बोलू नये, ही आपल्याकडची समजूत मला जवळजवळ ट्रॉलीखाली घेऊन गेली होती.

वहीत अजून सात हप्ते बाकी आहेत. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. आई आता दोनच भाकरी बांधते, आणि मी दोन्ही खातो.