नक्कल करावी तर अशी!

मराठी विभागासाठी लेख द्यायचा म्हणजे माझ्यासारखीला जरा टेन्शनच येतं. शाळा कॉन्व्हेंटची. मराठी घरात बोलण्यापुरतं आणि आजीला पत्र लिहिण्यापुरतं. 'ऱ्हस्व' हा शब्दसुद्धा मी दीर्घ लिहिते! पण रूम पार्टनरने तपासून द्यायचं कबूल केलं, म्हणून हे धाडस. चुका राहिल्या तर तिच्या, आवडलं तर माझं.

विषय आहे खंजीर. दचकू नका. रेक्टर मॅडमनीही दचकू नये. आमच्या रूमवर भाजी चिरायच्या सुरीशिवाय दुसरं शस्त्र नाही. या वर्षी सेमिनारसाठी मी 'हीट ट्रीटमेंट' घेतलं. नुसते आलेख दाखवले तर समोरचे झोपतात, हे मागच्या वर्गाकडे बघून कळलं होतं. म्हणून एखादी खरी वस्तू शोधत होते, ज्यात स्टील, उष्णता आणि हाताचं काम तिन्ही असेल. शोधता शोधता दुसऱ्या महायुद्धातल्या एका खंजिरापाशी आले आणि त्याहून जास्त, त्याच्या हाताने बनवलेल्या प्रतिकृतींपाशी थांबले. जगभर काही कारागीर जुन्या युद्धातले सुरे आज पुन्हा जसेच्या तसे घडवतात. कशासाठी? आणि कसे? या दोन प्रश्नांवर हा लेख आहे.

थोडा इतिहास

२०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या मॅचला धोनीच्या ग्लोव्हजवर एक चिन्ह होतं आणि त्यावरून केवढा गहजब झाला, आठवतं? ते आपल्या पॅरा स्पेशल फोर्सेसचं 'बलिदान' चिन्ह. त्यात पंख असलेला खंजीर आहे. खंजीर म्हणजे कमांडो, हे समीकरण आज अनेक देशांच्या सैन्यात दिसतं. ते रूढ होण्यात ज्या एका हत्याराचा फार मोठा वाटा आहे, ते म्हणजे फेअरबेर्न-साइक्स फायटिंग नाइफ. शौकीन लोक त्याला नुसतं 'एफ-एस' म्हणतात.

विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स हे दोघे इंग्रज शांघायच्या पोलीस दलाशी संबंधित होते. अरुंद गल्ल्या, टोळ्या, अंगावर येऊन होणाऱ्या मारामाऱ्या, हाच त्यांचा अभ्यासक्रम. १९४० मध्ये ते ब्रिटनला परतले. तेव्हा फ्रान्स पडला होता आणि ब्रिटन शत्रूच्या किनाऱ्यावर छापे घालणारी कमांडो पथकं उभारत होता. या पथकांना शिकवायचं काम दोघांकडे आलं. नोव्हेंबर १९४० मध्ये ते लंडनला विल्किन्सन सोर्ड या तलवारी बनवणाऱ्या कंपनीत गेले. हो, दाढीच्या ब्लेडवर नाव दिसतं तेच विल्किन्सन. आपल्याला नेमका कसा सुरा हवा, हे समजावताना त्यांनी टेबलावरची फूटपट्टीच सुऱ्यासारखी धरून तिथल्या तिथे झटापट करून दाखवली, असं सांगतात. (आमच्या व्हायव्हाला कुणी असं समजावलं तर एक्स्टर्नल पळूनच जातील.) जानेवारी १९४१ मध्ये पहिले ५० सुरे तयार झाले.

रचना

आता जरा ड्रॉइंगच्या तासाला बसल्यासारखं बघा. पातं साधारण साडेसहा ते सात इंच. दोन्ही बाजूंना धार, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. आडवं कापलं तर छेद चौकटच्या एक्क्यासारखा, म्हणजे पात्याला चार उतार आणि मधोमध एक उभी कड. मूठ भरीव पितळेची, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीसारखी फुगलेली, हातातून सटकू नये म्हणून तिच्यावर बारीक नर्लिंग. पात्याचा मागचा निमुळता दांडा, ज्याला टँग म्हणतात, मुठीतून आरपार जातो आणि वरच्या टोकाला नटने आवळला जातो. पितळ जड, त्यामुळे तोल मुठीकडे राहतो. सुरा बोटांत फिरवायला हलका लागतो.

पहिल्या प्रकारात मूठ आणि पातं यांच्यामधला गार्ड इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळलेला होता आणि पात्याच्या मुळाशी एक छोटा सपाट चौकोन होता. त्यावर नाव कोरलेलं असे. दिसायला देखणं, पण करायला वेळखाऊ. युद्धाला देखणेपण परवडत नाही. १९४२ मध्ये दुसरा प्रकार आला. गार्ड सरळ झाला, तो सपाट चौकोन गेला. १९४३ च्या ऑक्टोबरात तिसरा प्रकार आला. त्यात पितळेची कातलेली मूठ जाऊन मिश्रधातूची ओतीव, गोल वळ्यांची मूठ आली. लेथवर एकेक मूठ कातण्यापेक्षा साच्यात ओतणं स्वस्त आणि झटपट. शिवाय पितळ काडतुसांनाही लागत होतं. प्रॉडक्शनच्या पुस्तकात 'डिझाइन फॉर मॅन्युफॅक्चर' असा धडा असतो ना? तो अख्खा धडा या एका सुऱ्यात तीन वर्षांत वाचायला मिळतो.

या सुऱ्यात दोषही होता. टोक फार नाजूक. पट्टीची जाडी निम्मी केली, तर वाकण्याला होणारा तिचा विरोध निम्मा नाही, आठव्या हिश्शावर येतो. एसओएमचं सूत्र आठवा. हा सुरा मुख्यतः भोसकण्यासाठी होता. पण सैनिक म्हणजे शेवटी माणूसच. तो त्याच सुऱ्याने डबे उघडणार, फळ्या उचकटणार. मग टोक मोडायचं. आपण कंपासने बाटलीचं बूच काढतो, तसंच हे.

प्रतिकृती कशी घडते

चांगला कारागीर आधी मूळ वस्तू मोजतो. एका ठिकाणी नाही, दर अर्ध्या इंचावर. रुंदी, जाडी, वजन, तोलाचा बिंदू, सगळं. इथे पहिली गंमत होते. मूळ पाती हाताने घासलेली, त्यामुळे दोन सुरे तंतोतंत सारखे नसतात. मग 'जसंच्या तसं' म्हणजे कुणासारखं? लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमसारख्या संग्रहात असे सुरे आहेत. कारागिराला त्यांतला एखादाच निवडून त्याच्याशी प्रामाणिक राहावं लागतं. सगळ्यांची सरासरी काढली, तर कधीच अस्तित्वात नसलेला सुरा तयार होतो.

नंतर स्टील. स्टेनलेस स्टील शेफील्डमध्ये १९१३ सालीच हॅरी ब्रिअर्लीने केलं होतं. पण मूळ सुरे साध्या कार्बन स्टीलचे, म्हणून मन लावून काम करणारा कारागीरही तेच घेतो, गंजतं हे माहीत असून. पट्टी कापायची, रेघा आखायच्या आणि चारही उतार घासायचे. मधली कड सरळ टोकापर्यंत गेली पाहिजे. एका बाजूला दोन घासे जास्त पडले की कड वाकडी. मग समोरची बाजू तेवढी घासा, मग परत ही. असं करता करता पातं संपतं आणि कड वाकडीच राहते! फिटिंग शॉपमध्ये ज्यांनी कानस चालवली आहे, त्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

आता माझा सेमिनार. पात्याला पाणी देणं. (हा शब्द मला मेटलर्जीच्या पुस्तकाने नाही, स्मिथी शॉपच्या मामांनी शिकवला.) स्टील साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. भट्टीला मीटर नसेल तर चुंबक लावून बघायचं. सुमारे ७७० अंशांवर लोखंडाचं चुंबकत्व जातं. चुंबक धरेनासं झालं की आणखी थोडं तापवायचं आणि तेलात बुडवायचं. आत ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होतं. कठीण, पण काचेसारखं ठिसूळ. या अवस्थेत पातं फरशीवर पडलं तर तुकडे होऊ शकतात. म्हणून परत २०० ते ३०० अंशांत तापवायचं. याला टेंपरिंग म्हणतात. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर रंग चढत जातात. आधी फिकट गवती, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जितकं पुढे जाल तितका कठीणपणा कमी आणि चिवटपणा जास्त. धार टिकायला हवी आणि टोक मोडायला नको, या दोन्हींच्या मधला रंग पकडायचा. तो पकडला तरी काम संपत नाही. नंतर ग्राइंडरवर पातळ टोक एक क्षण जास्त टेकलं की ते निळं पडतं आणि सगळी मेहनत त्या एका क्षणात वाया.

मग पितळेचा रॉड लेथवर, मूठ, नर्लिंग, निकेलचं प्लेटिंग, चामड्याचं म्यान. म्यानाला बाजूंना चार छोट्या चामडी पट्ट्या असतात, कपड्याला शिवून टाकण्यासाठी. कारागीर त्याही विसरत नाही.

पण कशासाठी?

सेमिनारमध्ये पहिला प्रश्न हाच आला. सर म्हणाले, "हे यंत्राने तासाभरात होईल. आणि मुळात माणूस मारायची वस्तू. तिचं एवढं कौतुक कशाला?"

मी तेव्हा काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. नंतर रात्री मेसच्या पायरीवर बसून विचार केला. दुसरा प्रश्न खरा आहे. ही वस्तू सुंदर आहे आणि तिचं काम भयंकर आहे. माझ्याच वयाच्या मुलांना ती देऊन अंधारात पाठवलं होतं. काचेच्या पेटीत ठेवलेला सुरा बघताना हे विसरायला होतं. पण ज्याने महिनाभर तो घासला, त्याला विसरता येत नसणार. टोक एवढं बारीक का, मूठ ओल्या हातातून का सटकत नाही, याचं उत्तर तो रोज बोटांनी वाचत असतो. आपण 'युद्धस्य कथा रम्या' म्हणतो. सुरा घडवणाऱ्याला ती कथा रम्य वाटत असेल, असं मला वाटत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला एका जुन्या गोष्टीत सापडलं. १७९० च्या दशकात मुंबईतले डॉ. हेलेनस स्कॉट यांनी आपल्याकडच्या 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनला पाठवले. विलायतेत त्याचं फार कौतुक झालं. पुढे १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडे (हो, आपले विजेवाले फॅरडे!) आणि स्टोडार्ट नावाचे सुऱ्या-कात्र्या बनवणारे कारागीर, दोघांनी तसं पोलाद करून बघण्यासाठी प्रयोग केले. पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले. मिश्र पोलादाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाची ती अगदी सुरुवातीची पावलं मानतात. नक्कल करायला गेले आणि नवीन काहीतरी शिकून आले. प्रामाणिक नकलेत हीच ताकद असते.

आणि अप्रामाणिक? तीही आहे. एफ-एसच्या पहिल्या प्रकाराला संग्राहक भरपूर पैसे मोजतात. म्हणून काही जण नवा सुरा अ‍ॅसिडने काळवंडवतात, गंज चढवतात, जुनं नाव कोरतात आणि 'अस्सल' म्हणून विकतात. हाताची कला तीच, भट्टी तीच, स्टील तेच. मग फरक कुठे? सच्चा कारागीर कुठेतरी स्वतःची खूण आणि साल ठोकतो. ती इवलीशी खूण सांगते, की हे मी केलं, आज केलं, त्या जुन्या माणसांकडून शिकून केलं. तेवढी खूण नसली की प्रतिकृतीची बनावट वस्तू होते.

एक कबुली

हे लिहिताना मला फर्स्ट इयरचा माझा फिटिंग जॉब आठवला. व्ही-जॉइंट. चार तास कानस चालवून माझ्या दोन तुकड्यांत पेन्सिल जाईल एवढी फट राहिली होती. सबमिशन दोन दिवसांवर. एका सीनियरने त्याचा जुना जॉब दिला. मी त्यावरचा रोल नंबर घासून काढला, एमरी मारली, माझा नंबर पंच केला. मार्क्स उत्तम मिळाले. हॉस्टेलमध्ये हे सगळे करतात, म्हणून मला कधी काही वाटलं नाही. पण दुसऱ्याची खूण घासून स्वतःची ठोकणं, म्हणजे वर ज्यांना मी नावं ठेवली, त्यांचंच काम की!

गेल्या महिन्यात मी मामांकडे जाऊन दोन तुकडे मागितले. ते म्हणाले, "आता कशाला? तुझे मार्क तर पडलेत."

मी म्हटलं, "मामा, एकदा करून बघायचाय."

तीन शनिवार गेले. फट अजूनही आहे, पण आता पेन्सिल जात नाही. कागद जातो. मामांनी जॉब उजेडाकडे धरून बघितला, काही बोलले नाहीत, फक्त नंबरांचे पंच पुढे सरकवले.

तो जॉब आता माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून असतो. कुणाला सबमिशनसाठी हवा असेल तर मिळणार नाही. सोबत बसून कानस कशी धरायची ते मात्र दाखवीन. शनिवारी दुपारी, मेस झाल्यावर या.