चलचित्राची फाईल लहान कशी करावी?

शेतांतील काम, पिकावरील रोग अथवा गारपिटीचें नुकसान मोबाईलवर टिपून ठेवण्याचा प्रघात आतां आपल्या शेतकरीबंधूंत चांगलाच पडला आहे. परंतु टिपलेलें चलचित्र कातरून, जोडून तयार झाल्यावर तें दुसऱ्याकडे पाठवितांना पुष्कळांची फसगत होते. माझाच अनुभव सांगतों. एका फाल्गुनांत गारपिटीनें माझ्या धाकट्या बंधूंची डाळिंबाची बाग झोडपली. मीं नुकसानीचें सहा मिनिटांचें चलचित्र तयार केलें. त्याची फाईल सुमारें २,००० मेगाबाईट भरली व गांवच्या नेटवर्कवरून ती रात्रभर जाईना. तेव्हां घाईनें ती संदेशाच्या ॲपमधून एकानें दुसऱ्यास व दुसऱ्यानें तिसऱ्यास पाठवीत कशीबशी पोंचती केली. तिकडून उत्तर आलें कीं, फळावरील मार दिसत नाहीं! नुकसान खरें, पण पुरावा निकामी. सुदैवानें मूळ फाईल शिल्लक होती, म्हणून ती रीतसर लहान करून मुदतींत पुन्हां पाठवितां आली. ती रीत येथें देत आहें.

फाईल मोठी कां होते?— फाईलचा आकार दोन गोष्टींवर ठरतो : चलचित्र किती सेकंदांचें आहे, आणि दर सेकंदास किती माहिती त्यांत भरली आहे. या दुसऱ्या मापास बिटरेट म्हणतात. दोहोंचा गुणाकार करून ८ नें भागिलें म्हणजे आकार निघतो, कारण ८ बिट म्हणजे १ बाईट. माझ्या फाईलचा बिटरेट सेकंदास ४५ मेगाबिट होता. ३६० सेकंदांचे १६,२०० मेगाबिट, म्हणजे २,०२५ मेगाबाईट झाले. अर्थात् पहिला उपाय कातरीचा. निरुपयोगी भाग काढून सहाचीं तीन मिनिटें केलीं कीं आकार आपोआप निम्मा होतो, व चित्रास कांहीं धक्का लागत नाहीं.

आकार कमी होण्याचें तत्त्व.— चलचित्र म्हणजे सेकंदास २५ किंवा ३० स्थिर चित्रांची माळ होय. हीं सर्व चित्रें पूर्ण लिहिलीं जात नाहींत. मीं महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें मला यांत सातबारा व फेरफार यांचा संबंध दिसतो. एक चित्र सातबाऱ्याप्रमाणें पूर्ण नोंदवितात. पुढील चित्रांत फेरफाराप्रमाणें जेवढा बदल झाला तेवढाच लिहितात. आणि कांहीं वेळानें पुन्हां एक पूर्ण चित्र घेतात. बदल थोडा तर नोंद थोडी.

टिपतांना घ्यावयाची काळजी.— यावरून उघड होतें कीं, हात हालत असला तर सर्वच चित्र बदलतें व नोंदी वाढतात. मोबाईल खांबास किंवा तिपाईस बांधून टिपावें. वाऱ्यानें डोलणारें ज्वारीचें शेत, वाहतें पाणी व पाऊस हीं दृश्यें जात्याच जड असतात. तीं थोडकींच घ्यावीं. अंधुक उजेडांत चित्रावर जे कण उठतात तेही दर चित्रांत बदलतात व जागा खातात. म्हणून भरपूर उजेडांत टिपावें.

एक्स्पोर्ट करतांना.— (१) १,९२० गुणिलें १,०८० ठिपक्यांच्या चित्राऐवजीं १,२८० गुणिलें ७२० चें निवडावें. ठिपके निम्म्याहून कमी होतात. मोबाईलच्या पडद्यावर पाहणारास तें पुरेसें होतें. (२) पद्धत एच २६४ ठेवावी. ही २००३ सालीं प्रसिद्ध झाली व बहुतेक सर्व यंत्रांवर उघडते. २०१३ सालची एच २६५ पद्धत तसेंच चित्र सुमारें निम्म्या जागेंत बसविते, परंतु जुन्या यंत्रांवर ती अडते. (३) आकाराची मर्यादा असेल तर उलट हिशेब करावा. समजा, ३ मिनिटांचें चलचित्र २० मेगाबाईटांत बसवावयाचें आहे. २० × ८ = १६० मेगाबिट; त्यांस १८० सेकंदांनीं भागितां सेकंदास सुमारें ८८९ किलोबिट येतात. बोलण्याच्या आवाजास ६४ पुरतात. चित्रास ८०० द्यावे, बाकी शिल्लक ठेवावी. (४) मर्यादा नसेल तर संगणकावरील हँडब्रेक या मोफत साधनांत ‘आरएफ’ नांवाचा दर्जाचा आंकडा असतो, तो वापरावा. ७२० च्या चित्रास १९ ते २३ व १,०८० च्या चित्रास २० ते २४ ठेवतात. आंकडा वाढला कीं फाईल लहान होते व चित्र उतरतें, हें ध्यानांत ठेवावें.

नकलेची नकल करूं नये.— रेकॉर्डमध्यें नकलेवरून नकल केली कीं चुका वाढत जातात, म्हणून नकल नेहमीं मुळावरून द्यावयाची असते. येथेंही तसेंच आहे. दर वेळीं दाबतांना जो बारकावा गेला तो परत येत नाहीं. व्हॉट्सॲपवर चलचित्र नेहमींच्या रीतीनें पाठविलें तर तें ॲप त्यास पुन्हां दाबतें. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास तें जसेंच्या तसें जातें. माझी फसगत येथेंच झाली.

शेवटीं, लहान केलेली फाईल पाठविण्यापूर्वीं स्वतः उघडून पाहावी. पानावरचा ठिपका, फळावरचा मार स्पष्ट दिसतो कीं नाहीं व आवाज ऐकूं येतो कीं नाहीं, हें तपासावें. दिसत नसेल तर बिटरेट वाढवावा, अथवा लांबी आणखी कातरावी. आणि काम पूर्ण होईपर्यंत मूळ फाईल कदापि पुसूं नये. बी राखून ठेवणारा शेतकरीच दुबार पेरणी करूं शकतो.